कुलूप लावून निघण्याआधी आणि परत आल्यावर

दोघांच्या घरात शेवटी कुलूप कोण लावणार हे ठरलेलं नसतं आणि घोळ तिथूनच सुरू होतो. एकाला वाटतं गॅस दुसऱ्यानं पाहिला, दुसऱ्याला वाटतं गच्चीचं दार पहिल्यानं लावलं. गाडी उज्जैनच्या पुढे गेली की प्रश्न येतो, "रेग्युलेटर बंद केलास ना?" मग सगळी सहल त्या प्रश्नाला लोंबकळत राहते. इंदूरची मराठी घरं वर्षातून दोन-तीनदा तरी बंद होतात. मे महिन्यात पुणं, दिवाळीत मुंबई, मध्येच नागपूरला लग्न. दोघंही नोकरी करत असतील तर दिवसाही घराला कुलूपच असतं.

पुढचा क्रम लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर अशा वस्त्यांमधल्या बैठ्या आणि दुमजली घरांना धरून लिहिला आहे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी गच्चीच्या जागी बाल्कनी आणि डक्टची खिडकी वाचावी. कामाला पंधरा दिवस आधी लागायचं, कारण सुतार, वेल्डर आणि बँकेचा लॉकर या तीनही गोष्टी निघायच्या आदल्या दिवशी हाताला लागत नाहीत.

आधी दार, मग कुलूप

महागडं कुलूप आणून लोक निश्चिंत होतात. पण कुलूप क्वचितच तुटतं, उखडतो तो कोयंडा. बाहेरच्या अल्ड्रॉपला (दाराच्या आडव्या सरकत्या लोखंडी कडीला) किंवा कडी-कोयंड्याला बहुतेक ठिकाणी पाऊण ते एक इंचाचे लाकडी स्क्रू मारलेले असतात. पहारीचं टोक आत घालून एक जोर दिला की कोयंडा स्क्रूसकट बाहेर येतो आणि कुलूप त्याला तसंच लटकत राहतं. म्हणून पहिला खर्च इथे करा. अल्ड्रॉप आणि कोयंडा आरपार नट-बोल्टनं बसवून घ्या. बोल्टचं गोल, खाच नसलेलं डोकं बाहेर आणि नट आतल्या बाजूला, मोठा वायसर घालून. सियागंजात हार्डवेअरच्या दुकानात "गोल डोक्याचे आरपार बोल्ट" मागितले की मिळतात. माप मात्र दाराची जाडी मोजून न्यायचं. फ्लश दार साधारण 30 ते 35 मिलिमीटर असतं, त्यात अल्ड्रॉपच्या पट्टीची आणि नटाची जाडी मिळवायची. बोल्ट लांब झाला तर आत टोक उरतं आणि त्यात साडी किंवा ओढणी अडकते. ते कापून कानसून घ्या.

बाहेर लोंबणारं कुलूप दुरूनच सांगतं की घरात कोणी नाही. त्यामुळे मुख्य दाराला आत बसणारं कुलूप हवं, म्हणजे नाइट लॅच किंवा मॉर्टिस लॉक. तेवढ्यानं दार बाहेरून रोजच्यासारखंच दिसतं. बाहेरचं कुलूप लावायचंच असेल तर फाटकाला नको. फाटक रोज जसं असतं तसंच, नुसती कडी घातलेलं राहू द्या.

नाइट लॅचमध्ये एक चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते. दार ओढून घेतलं, "खट" आवाज आला, की झालं असं वाटतं. त्या वेळी फक्त तिरकी, स्प्रिंगवर चालणारी जीभ चौकटीत गेलेली असते आणि ती प्लास्टिकच्या पातळ पट्टीनं मागे सरकवता येते. बाहेरून किल्ली फिरवून चौकोनी जीभ पूर्ण बाहेर काढायची. काही लॅचमध्ये एक फेरा, काहींत दोन. किल्ली पुढे फिरेनाशी होईपर्यंत फिरवा आणि मग दार खांद्यानं ढकलून पाहा.

किल्ली पूर्ण फिरत नसेल तर दोष बहुधा कुलपात नसतो. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया उथळ असेल तर भिंत हलते, चौकट किंचित तिरकी होते आणि जीभ समोरच्या खाचेत बरोबर जात नाही. शिवाय लाकडी दार ओलाव्यानं फुगतं. जिभेच्या टोकाला लिपस्टिक किंवा खडू लावून दार बंद करा, किल्ली फिरवा, उघडा. डाग कुठे उमटला त्यावरून खाच वर घासायची की खाली हे सुताराला दाखवता येतं. चौकटीवरच्या पट्टीचे स्क्रू काढून त्या जागी दोन ते अडीच इंचाचे घाला. खाच कितीही नीट असली तरी ती अर्ध्या इंचाच्या स्क्रूंवर उभी असेल तर एका लाथेत निघते.

कुलपात तेल सोडू नका. इंदूरच्या धुळीत तेलाचा महिन्याभरात चिखल होतो आणि लिव्हर अडकतात. ग्रॅफाइटची पूड घाला. ती नसेल तर मऊ शिसपेन्सिल किल्लीच्या दातांवर घासून किल्ली चार-पाच वेळा आत-बाहेर करा. गच्चीला किंवा मागच्या दाराला साधं कुलूप लावणार असाल तर त्याची कडी 10 मिलिमीटर जाड हवी, आणि कुलपाचे खांदे कडीभोवती वर आलेले असले तर आणखी चांगलं. कडीचा जितका कमी भाग उघडा, तितकी पहार घालायला जागा कमी.

गच्ची, मागची बाजू, न्हाणीघर

पुढच्या दारावर तीन कुलपं आणि गच्चीच्या दाराला आतून एक बारीक कडी, असं चित्र सर्रास दिसतं. जुन्या वस्त्यांमध्ये गच्चीला गच्ची लागलेली असते. चार घरं पलीकडच्या बांधकामावरून चढलेला माणूस कोणाच्या नजरेत न येता तुमच्या जिन्याच्या दाराशी पोचतो आणि तिथे त्याला हवा तितका वेळ मिळतो. गच्चीच्या दाराला आतून वर आणि खाली अशा दोन जाड कड्या हव्यात आणि मध्ये आडवा अडसर. अडसरासाठी दोन्ही बाजूंच्या भिंतीत लोखंडी आकडे बसवून त्यात दीड इंची चौकोनी पाइप टाकला तरी पुरतो. हे काम वेल्डर अर्ध्या दिवसात करतो. मुख्य दाराच्या कुलपापेक्षा आम्ही या अडसराला जास्त महत्त्व देऊ.

न्हाणीघराच्या वरच्या झरोक्यातल्या काचेच्या पट्ट्या बाहेरून एकेक सरकवून काढता येतात. आतून जाळी किंवा तीन आडवे गज लावून घ्या. खिडक्यांच्या ग्रिलचे स्क्रू बाहेरून दिसत असतील तर वेल्डरकडून प्रत्येक डोक्यावर एकेक टाका मारून घ्या, म्हणजे स्क्रूड्रायव्हर चालत नाही. शिडी, कुदळ, पहार, बांधकामातून उरलेला सळईचा तुकडा यांतलं काही मागच्या अंगणात पडलेलं नको. ज्या हत्यारानं घर फोडायचं ते बरेचदा त्याच अंगणात मिळतं.

बंद घर बंद दिसू नये

ओटल्यावर साचलेली वर्तमानपत्रं, फाटकाच्या कडीत खोचलेलं जाहिरातीचं पत्रक, वाळलेली तुळस, दिवसाढवळ्या जळणारा दिवा, अंगणातला पाचोळा. रस्त्यानं जाणाऱ्याला एवढं पुरतं. पेपरवाल्याला आणि बंदीच्या, म्हणजे रोजच्या ठरलेल्या, दूधवाल्याला तोंडी, समोरासमोर सांगा. दारावर "दूध 10 तारखेपर्यंत नको" अशी चिठ्ठी लावणं म्हणजे परतीची तारीखच लिहून ठेवणं. त्याहून बरं म्हणजे पेपर चालूच ठेवा आणि शेजारच्या काकूंना तो रोज उचलून घ्यायला सांगा. बंद करायला विसरलं, चालू करायला विसरलं ही भानगडही राहत नाही.

इंदुरात कचऱ्याची गाडी घरोघर येते, त्यामुळे कोणाच्या घरातून कोणी बाहेर आलं नाही हे सगळ्या गल्लीला दिसतं. निघायच्या दिवशी सकाळी ओला कचरा नक्की गाडीत गेला पाहिजे. संध्याकाळी निघणार असाल तर दुपारच्या जेवणाचा कचरा शेजाऱ्यांच्या डब्यात द्या. तो घरात ठेवला तर आठ दिवसांत किडे होतात, आणि फाटकाबाहेर ठेवलेला भरला डबा तसाच पडून राहतो. मोकळे डबे आत.

दिव्यासाठी टायमरचं सॉकेट घ्या, पण आवाज न करणारं डिजिटल आणि आत बॅटरी असलेलं. दातेरी चकतीचं स्वस्त असतं, मात्र वीज जितका वेळ गेली तितकं ते मागे पडतं, आणि चार वेळा वीज गेली की दिवा पहाटे लागायला लागतो. वेळ ऋतूप्रमाणे लावा. इंदुरात डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, मे-जूनमध्ये सात वाजता. बैठकीचा दिवा सूर्यास्तापासून साडेनऊपर्यंत आणि झोपण्याच्या खोलीचा साडेनऊ ते अकरा, असे दोन टायमर लावले तर घरात माणसं हिंडताहेत असं वाटतं. बाहेरून पडदे नेहमी जसे दिसतात तसेच ठेवा. एरवी दिवसा उघडे असणारे सगळे पडदे एकदम बंद झाले की तीही जाहिरातच.

आणि व्हॉट्सॲप. स्टेशनवरचा दोघांचा फोटो स्टेटसला टाकायची घाई नको. तुमच्या यादीत दूधवाला, रंगारी, तीन वर्षांपूर्वीचा प्लंबर, जुन्या घराचा दलाल सगळे आहेत. फोटो परत आल्यावर टाका. अगदीच राहवत नसेल तर स्टेटसच्या सेटिंगमध्ये निवडक लोकांपुरतंच दिसेल असं करा.

कॅमेरा असेल तर

कॅमेरा चोराला अडवत नाही. तो तुम्हाला लवकर कळवतो आणि नंतर पोलिसांना चेहरा देतो. त्यासाठी तो आठ-नऊ फुटांवर, फाटकाकडून येणाऱ्याचा चेहरा समोरून मिळेल असा हवा. छताच्या कोपऱ्यात अगदी वर लावलेल्या कॅमेऱ्यात टोप्या आणि टकलं दिसतात. पूर्वेकडे तोंड करून लावला तर सकाळचे दोन तास नुसता पांढरा उजेड. जवळ पांढरी भिंत किंवा काच असेल तर रात्री त्याचाच इन्फ्रारेड उजेड परतून चित्र धूसर होतं. पावसाळ्यात भिंगासमोर कोळी जाळं विणतो आणि मोबाइलवर रात्रभर खोट्या सूचना येतात. दोन दिवस त्या आल्या की माणूस सूचना बंदच करून टाकतो, आणि नेमकी हवी ती सूचना मग कळत नाही. निघण्यापूर्वी भिंग पुसा.

राउटर आणि कॅमेरा इन्व्हर्टरच्या लाइनवर हवेत. बटण बंद करताना राउटरही बंद होतो आणि उज्जैनला कळतं की कॅमेरा "ऑफलाइन" आहे, ही फार नेहमीची चूक आहे. कंपनीनं दिलेला पासवर्ड बदला. रेकॉर्डिंग होतंय असं समजू नका, कालची फीत मोबाइलवर चालवून पाहा, कारण मेमरी कार्ड खराब झालं तरी चालू चित्र दिसत राहतं. रेकॉर्डरचा डबा टीव्हीखाली असेल तर चोर तोच उचलून नेतो. तो माळ्यावर किंवा कपाटामागे हवा.

दागिने, कागद, किल्ल्या

तांदळाच्या डब्यात, देवघराच्या मागे, गादीखाली, जुन्या साड्यांच्या घडीत. या जागा सगळ्यांना माहीत आहेत. दागिने लॉकरमध्ये न्या. बँकेत आग लागली, चोरी झाली किंवा कर्मचाऱ्यानंच फसवणूक केली, तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच असते. भाडं 2000 रुपये असेल तर 2 लाख. घरापेक्षा लॉकर नक्कीच सुरक्षित, पण त्यातल्या सोन्याचा पूर्ण विमा आपोआप झाला असं नाही.

प्रत्येक दागिन्याचा पांढऱ्या कापडावर फोटो काढा आणि शेजारी वजन ग्रॅममध्ये लिहा. तोळ्यात नको. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा आणि सराफ हल्ली बोलण्यात 10 ग्रॅम धरतात, त्यामुळे पाच तोळ्यांत आठ ग्रॅमचा फरक पडतो. बिलांचेही फोटो ठेवा. लॅपटॉपचा सिरियल नंबर, मोबाइलचे आयएमईआय नंबर (स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबलं की दिसतात), गाडीचं आरसी बुक, सगळं एका फोल्डरमध्ये, दोघांच्याही मोबाइलवरून उघडेल असं.

लोखंडी कपाटात काही मौल्यवान उरलं नसेल तर ते कुलूप न लावता सोडण्यात शहाणपण आहे. कुलूप दिसलं की ते फोडतात आणि रिकाम्या कपाटाचं दार नवं करावं लागतं.

किल्ल्यांचे तीन जुडगे. एक तिच्याकडे, एक त्याच्याकडे, एक विश्वासाच्या शेजाऱ्यांकडे. दोघांचे जुडगे एकाच पर्समध्ये टाकू नका, पर्स गेली तर दोघंही बाहेर. कुंडीखाली, चपलांच्या रॅकमध्ये, मीटरच्या पेटीवर किल्ली नाही. जुडग्याला पत्ता लिहिलेली पट्टी तर मुळीच नाही.

आठवड्याहून जास्त जाणार असाल तर जवळच्या ठाण्यात साध्या कागदावर कळवून ठेवा: पत्ता, जाण्या-येण्याच्या तारखा, दोघांचे नंबर, किल्ली कोणाकडे, अंगणात कोणती गाडी उभी आहे. पोच घ्या. लोक याला संकोचतात, पण रात्री गस्तीवर कोणती गल्ली जास्त पाहायची हे बीटच्या शिपायाला त्यावरूनच कळतं.

शेवटचा तास

इथे दोघांचं काम वाटून घ्यायचं, आणि एक नियम पक्का: ज्यानं बंद केलं त्यानं तपासायचं नाही. एक बंद करत पुढे जाईल, दुसरा मागून येऊन बोट दाखवून मोठ्यानं म्हणेल, "रेग्युलेटर बंद. गच्ची बंद. मोटर बंद." जपानच्या रेल्वेत कर्मचारी सिग्नलकडे बोट दाखवून असंच मोठ्यानं बोलतात, आणि कारण सरळ आहे. रोजच्या सवयीची कृती डोकं नोंदवत नाही, बोललेला शब्द मात्र लक्षात राहतो. मागून येणाऱ्यानं मोबाइलवर सलग व्हिडिओ घ्यायचा. दोन-तीन मिनिटांचा होतो. गाडीत शंका आली की पाहायचा, मागे फिरायचं नाही.

स्वयंपाकघरातून सुरुवात. शेगडीचे कान बंद करणं पुरेसं नाही, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा. दोन आठवड्यांहून जास्त जाणार असाल तर तो काढून सिलिंडरला टोपी लावा. पाइपचा गॅस असेल तर मीटरजवळचा कॉक फिरवा: दांडा नळीच्या रेषेत म्हणजे चालू, आडवा म्हणजे बंद. रबरी नळीवर छापलेलं वर्ष पाहा, पाच वर्षं झाली असतील तर बदला.

फ्रिज. चार-पाच दिवसांचा प्रवास असेल तर चालू राहू द्या. दूध, चिरलेली भाजी, उरलेलं वरण काढून टाका. फ्रीझरमध्ये वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं वरच असेल तर ठीक, तळाशी गोठलेलं सापडलं तर मध्ये वीज बराच वेळ गेली होती आणि बर्फ वितळून पुन्हा झाला, म्हणजे आतलं सगळं फेका. दोन-तीन आठवड्यांसाठी जाताना फ्रिज रिकामा करा, बंद करा, पुसा आणि दारात नॅपकिनची घडी अडकवून ते किंचित उघडं ठेवा. पूर्ण बंद दारात बुरशी धरते.

पाणी इंदुरात विसरायची गोष्ट नाही. नर्मदेचं पाणी जलूदहून येतं, बऱ्याच भागांत एक दिवसाआड नळ येतो आणि हौद भरायची तोटी अनेक घरांत उघडीच असते. बॉलकॉक (हौद भरला की पाणी थांबवणारा तरंगता गोळा) अडकला असेल तर तुम्ही पुण्यात आणि हौद गल्लीत वाहतोय. हौदाच्या आधीचा व्हॉल्व्ह बंद करा. मोटरचा स्विच आणि तिचा एमसीबी, दोन्ही बंद. वरच्या टाकीतून घरात येणारा व्हॉल्व्हही बंद करून एक तोटी उघडून पाहा, पाणी थांबलं की व्हॉल्व्ह खरंच चालतो हे कळतं. वर्षानुवर्षं न फिरवलेले पितळी व्हॉल्व्ह बरेचदा नुसते फिरतात, बंद होत नाहीत.

मे महिन्यात आणखी एक. न्हाणीघराच्या आणि मागच्या मोरीच्या जाळीखाली जे पाणी साचून राहतं, तेच गटाराची दुर्गंधी आणि झुरळं अडवतं. दोन-तीन आठवड्यांत ते सुकतं. निघताना प्रत्येक जाळीत एक तांब्या पाणी आणि वर एक चमचा गोडं तेल ओता. तेलाचा थर पाणी उडू देत नाही.

विजेच्या बोर्डावर गीझर, एसी, मोटर, वॉशिंग मशीन यांचे एमसीबी खाली. फ्रिज, राउटर, कॅमेरा आणि टायमरच्या लाइन वर. कोणता एमसीबी कशाचा हे पट्टी चिकटवून आधीच लिहून ठेवलं तर या घाईत चूक होत नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड पाणी खुणेपर्यंत आहे का पाहा.

मग गच्ची, मागचं दार, न्हाणीघर, आणि सगळ्यात शेवटी मुख्य दार. सामान आधी रिक्षात नको. सामान रिक्षात आणि दार उघडं, अशा वेळी दोघांचंही लक्ष रिक्षावाल्याच्या घाईवर असतं.

गाडीत

अवंतिका एक्स्प्रेसनं मुंबईला जाताना किंवा पुण्याच्या गाडीत रात्रीचे थांबे हाच सामान जाण्याचा वेळ. खालच्या बर्थच्या आकड्याला साखळी लावा आणि ती बॅगच्या हातमुठीतून नाही, आतल्या लोखंडी सळईतून घ्या. हातमूठ कापता येते. घराच्या किल्ल्या, औषधं आणि कागद ज्या छोट्या पिशवीत आहेत ती उशाला, खिडकीच्या बाजूला नाही. सामान गेलंच तर मध्येच उतरून तक्रार द्यायला धावायची गरज नाही. टीटीई किंवा गाडीतल्या पोलिसांकडे तक्रारीचा फॉर्म मिळतो, शिवाय 139 वर सांगता येतं.

रात्री दाराशी खुडबुड झाली तर

हे प्रवासाचं नाही, घरी असतानाचं, पण तयारी तीच. पहिली गोष्ट, दार उघडायचं नाही. एकानं 112 लावायचा आणि हळू आवाजात पत्ता, जवळची खूण आणि "दाराशी माणसं आहेत" एवढं सांगायचं. दुसऱ्यानं घरातले आणि बाहेरचे सगळे दिवे लावायचे, शेजाऱ्यांना फोन करायचा. आवाज करा, मोठ्यानं बोला, घरात जास्त माणसं आहेत असं वाटू द्या. "कोण आहे ते पाहून येतो" म्हणून काठी घेऊन गच्चीवर जाणं हा सगळ्यात वाईट पर्याय. माणूस अंधारात, समोरचे किती हे माहीत नाही, आणि खाली दुसरी व्यक्ती एकटी. दाराला गोल भिंग आणि साखळी नसेल तर उद्याच बसवा.

परत आलात आणि कोयंडा उखडलेला दिसला

आत जाऊ नका. आत अजून कोणी असू शकतं, आणि कोंडीत सापडलेला माणूस वाट काढण्यासाठी वार करतो. फाटकातूनच मागे फिरा, शेजाऱ्यांच्या घरी जा, तिथून 112. पोलीस येईपर्यंत एकानं रस्त्यावर उभं राहून कोणाला आत जाऊ द्यायचं नाही. गल्लीतली सगळी माणसं काळजीपोटीच येतात, पण त्यांच्या चपलांचे ठसे चोराच्या ठशांवर पडतात. बोटांचे ठसे गुळगुळीत जागी मिळतात: लोखंडी कपाट, आरसा, काच, स्टीलचे डबे. तेव्हा विखुरलेले कपडे उचलायचे नाहीत, केर काढायचा नाही, पाणी प्यायला फ्रिजसुद्धा उघडायचा नाही. दारातून मोबाइलवर फोटो काढता येतात तेवढे काढा.

घराला बाहेरून काही झालेलं नाही, पण दार उघडताच गॅसचा वास आला, तर क्रम वेगळा. कोणताही स्विच दाबायचा नाही, चालू करायचाही नाही आणि बंदही नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. मोबाइल बाहेर आल्यावरच वापरायचा. दारं-खिडक्या उघडून बाहेर या. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, म्हणून खालची दारं महत्त्वाची. पाइपचा हलका, तो वर छताशी जातो. सिलिंडरच्या गळतीसाठी 1906.

आता एफआयआर. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे आणि राहत्या घरातल्या चोरीचं कलम त्यात 305 आहे. तक्रारीत दोन वेळा स्पष्ट लिहा: घर शेवटचं कधी बंद केलं आणि उघडं कधी दिसलं. गेलेल्या वस्तूंची यादी फोल्डरमधल्या फोटोंवरून करा. आठवत नाही ते अंदाजानं लिहू नका. दोन दिवसांनी आणखी काही गेल्याचं कळलं तर पुरवणी जबाब देता येतो, पण आधी लिहिलेला चुकीचा आकडा पुढे विमा कंपनी धरून बसते. एफआयआरची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते, ती मागून घ्या. ऑनलाइन तक्रार दिली असेल तर तीन दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन सही करावी लागते.

त्याच संध्याकाळी फोनवरची कामं दोघांत वाटून घ्या. एकानं बँक: कार्ड बंद, चेकबुक गेलं असेल तर धनादेश थांबवणं, लॉकरची किल्ली गेली असेल तर शाखेला लगेच लेखी. दुसऱ्यानं मोबाइल आणि सिम: नंबर बंद करून घ्या, एफआयआर हातात आली की सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय अडवता येतो. खात्यातून पैसे गेल्याचं दिसलं तर 1930 वर तातडीनं, पहिल्या काही तासांतच पैसे मध्ये कुठेतरी अडवले जाण्याची शक्यता जास्त.

विम्याचं इथेच लिहितो, कारण बरेच जण गृहकर्जासोबत घेतलेल्या पॉलिसीवर विसंबून असतात. "भारत गृह रक्षा" ही मुळात आग, भूकंप, पूर अशा संकटांची पॉलिसी आहे. तिच्या मूळ संरक्षणात चोरी धरली जाते ती अशा घटनेनंतर सात दिवसांत झालेली. घरफोडीसाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं, दागिन्यांसाठी त्यातही वेगळी नोंद, आणि घर सलग किती दिवस बंद राहिलं तर संरक्षण थांबतं ही अट पॉलिसीत शोधून वाचावी लागते. ती निघण्याआधी वाचा. दावा करताना कंपनीला घटना लगेच कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत उखडलेला कोयंडा, तुटलेलं कुलूप फेकू नका. चोर सापडला नाही तर मध्य प्रदेशात पोलीस प्रकरणाचा "खात्मा", म्हणजे तपास बंद करत असल्याचा अहवाल, न्यायालयात पाठवतात. विमा कंपनी बहुधा त्याची प्रत मागते, म्हणून एफआयआर क्रमांक आणि तपास अधिकाऱ्याचं नाव डायरीत लिहून ठाण्यात महिन्याला एकदा चौकशी करत राहा.

पहिल्या रात्रीसाठी सुताराला तात्पुरता कोयंडा बसवायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी सगळी कुलपं बदला, न फोडलेलीसुद्धा. जादा किल्ल्यांचा जुडगा ड्रॉवरमध्ये होता आणि तो जागेवर दिसतोय, एवढ्यावर भागत नाही, कारण किल्लीचा ठसा साबणाच्या वडीवरही घेता येतो. शेजाऱ्यांकडची जुनी किल्ली परत घ्या आणि नवी नेऊन द्या.